तरसाला सात मार्क

वाघाला अठ्ठावन्न मार्क देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तेवढे देतानाही त्यांचा हात जड झाला होता. "रंगाचे मार्क आहेत ते," ते म्हणाले, "रंग काढून घ्या, मग वाघाकडं काय राहतं सांगा. शिवाय आपण चांगले दिसतो हे त्याला ठाऊक आहे. पाच मार्क तिथंच गेले."

ते आमच्या शाळेत चित्रकलेचे सर होते. सोलापुरातल्या त्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायला लागले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. चित्रकलेच्या वर्गात त्यांनी भिंतभर एक तक्ता लावला होता. डावीकडं जंगली प्राण्यांची स्वतः काढलेली चित्रं आणि उजवीकडं रकाने: रूप, रंग, चाल, पाठ, आणि शेवटी शंभरपैकी एकूण. तपासणीला आलेल्या एका साहेबांना तो मूल्यमापनाचा काही नवा प्रकार वाटला. ‘उपक्रम स्तुत्य’ असा शेरा मारून ते चहाला गेले.

पहिला नंबर काळविटाचा होता, ब्याण्णव. काळवीट आपल्या नान्नजच्या माळावरचा म्हणून त्याला झुकतं माप दिलंय असं कुणी म्हटलं की सर चिडायचे. उरलेले आठ मार्क कुठं गेले असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "शंभर दिले की डोक्यात जातं." मादीचे मार्क तक्त्यावर दिसत नव्हते, तेही विचारलं. "तिचे वेगळे कशाला? ती त्याच्यातच धरलीय," असं त्यांनी अगदी सहज सांगून टाकलं.

खोकडाला एकाहत्तर होते, त्यातले बरेचसे शेपटीचे. लांडग्याला अडुसष्ट. सिंहाला एकोणपन्नास, कारण "आयाळ उतरवून आणा त्याला, मग बोलू." हत्तीचे डोळे बारीक, पण स्वभावाकडं बघून त्याला पाच वाढवून दिलेले. जिराफ आणि झेब्रा तक्त्यात नव्हतेच. "बाहेरदेशातली स्थळं आपण बघत नाही," सर म्हणायचे. सगळ्यांत खाली तरस होतं, सात मार्क मिळवून.

स्थळ हा शब्द त्यांच्या तोंडून असा अधूनमधून निसटायचा, कारण त्यांची खरी ख्याती शाळेबाहेर होती. मुलगी बघायला जाताना त्यांना बरोबर न्यायची पद्धत पडली होती. चित्रकलेचा मास्तर म्हणजे नजर असणारच, असा समज माढ्यापासून अक्कलकोटपर्यंत पसरलेला होता आणि तो पसरू देण्यात सरांनीही काही कमी केलं नव्हतं. ते कुणाकडून काही घेत नसत. पोहे खायचे, चहा प्यायचे आणि निकाल द्यायचे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "येताना सगळेच चांगले दिसतात. जाताना बघावं." रूप तोंडावर नसतं, पाठीच्या रेघेत असतं, हा त्यांचा सिद्धांत. तो त्यांनी हरणं बघून काढला आणि मुलींना लावला.

त्यासाठी त्यांची एक युक्ती होती. मुलगी येऊन बसली, नाव-गाव-शिक्षण झालं की ते मायेनं म्हणायचे, "बाळ, जरा पाणी आणतेस?" मुलगी उठून आत जायची आणि सर तिची पाठ बघायचे. समोर पाण्याचा ग्लास भरलेला असला तरी ते पाणी मागायचे.

हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण एकदा ते पाणी मी आणलंय. माढ्याला, आमच्या घरी. मी चोवीस वर्षांची होते. मुलगा करकंबचा होता, आणि त्याच्या मामाबरोबर दुर्बीण गळ्यात अडकवलेले एक गृहस्थ आले होते. मुलगी बघायला दुर्बीण कशाला, असं आमची आत्या स्वयंपाकघरात कुजबुजली. "लांबनं बगत असतील, गं," आई म्हणाली. मी पाणी आणलं. ती मंडळी ‘कळवतो’ म्हणून गेली आणि त्यांनी काही कळवलं नाही.

पाच वर्षांनी मी शाळेत रुजू झाले आणि स्टाफरूममध्ये तीच दुर्बीण दिसली. सर माझ्याकडं थोडा वेळ बघत राहिले.

"तुम्ही माढ्याच्या का?"

"हो."

"एकसष्ट," ते म्हणाले.

मला आधी वाटलं, घर नंबर असेल. मग त्यांनी न लाजता समजावून सांगितलं. बांधा नीट. पाठ सरळ. चाल मात्र घाईची, म्हणून चालीचे कापले.

"सर, गॅसवर दूध होतं," मी म्हटलं.

"ते आम्हाला कसं कळणार? आमच्यापुढं फक्त चाल होती."

मधल्या सुट्टीत मी चित्रकलेच्या वर्गात जाऊन तक्ता नीट वाचला. नीलगाईला चौसष्ट होते. नीलगाईनं मला तीन मार्कांनी मागं टाकलं होतं, आणि तिच्या गॅसवर काहीसुद्धा नव्हतं.

मला राग आला होता हे सांगायला हरकत नाही. पुढं माझं लग्न झालं, चांगलं झालं, तरी त्या आठवड्यात आईनं रोज संध्याकाळी ‘फोन आला का गं’ म्हणून विचारलेलं मी विसरले नव्हते. पण सरांवर धड रागावताही येत नसे. माणूस वर्गात कुणावर ओरडायचा नाही, शेंगाचटणी-भाकरीचा डबा सगळ्यांपुढं सरकवायचा, आणि मार्क देण्यात त्याचा काही स्वार्थ नव्हता.

आमचे शिपाई मामा होटगीचे. तक्त्यासमोरून जाताना ते रोज थांबायचे आणि लांडग्यापाशी आले की त्यांचं डोकं फिरायचं.

"सर, ह्येला अडुसष्ट? माझी गाभण शेळी न्हेली ह्येनं. आदी इचारा ह्येला शेळी कुटं हाय, मग द्या मार्क."

"मामा, वागणुकीचा रकाना नाही आपल्याकडं."

"पोरी बगायला जाताय, तितंबी न्हाय का त्यो रकाना?"

"तिथंही नाही," सर म्हणाले.

मामा मान हलवत घंटा द्यायला गेले.

सरांच्या सवयींबद्दल सांगायचं तर पहिला तो कोट. सोलापुरात मे महिन्यात पंखासुद्धा गरम वारा फेकतो, आणि हे खाकी, ढगळ कोट घालून यायचे. दुर्बीण ठेवायला खिसा लागतो म्हणायचे. दुर्बीण तर कायम गळ्यात असायची. दुसरं म्हणजे ते कुणाच्या पुढं चालायचे नाहीत. दारापाशी आले की "तुम्ही व्हा पुढं." प्रार्थनेला सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची कॅलेंडरखाली, भिंतीला चिकटलेली. जुन्या वळणाचा माणूस, बायकांना पुढं जाऊ देतो, असं हेडबाई कौतुकानं सांगायच्या. फळ्यावर चित्र काढतानाही त्यांचं तोंड मुलींकडं आणि हात मागं असायचा. त्यामुळं त्यांचे प्राणी थोडे कलंडायचे आणि मुलीही ते तसेच कलंडलेले काढायच्या. एका वर्षी चित्रकलेच्या परीक्षेत आमच्या शाळेचे सगळे घोडे उतारावरून चाललेले होते.

त्यांची मुलगी वैशाली मला पहिल्यांदा भेटली ती माळावरच्या सहलीत, मुली सांभाळायला मदत म्हणून आली होती तेव्हा. सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरात दोघंच. वैशाली रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. बोलायला चुणचुणीत, हसायला मोकळी. तिच्या पाठीला लहानपणापासून बाक होता. डावा खांदा वर, आणि त्याच्याखाली पाठ उजवीकडं वळलेली. ओढणी ती अशी घ्यायची की समोरून काही कळू नये.

आठवीच्या मुलींना घेऊन आम्ही पहाटे निघालो होतो. उजाडताना माळावर पोचलो. सर नेहमीसारखे सगळ्यांच्या मागं. काळवीट दिसतील म्हणून मुली डोळे ताणून बघत होत्या, तेवढ्यात गवतातून एक तरस बाहेर आलं. रात्रीची भटकंती संपवून परत निघालं असावं. ते थांबलं, त्यानं आमच्याकडं बघितलं आणि ते घाई न करता माळ ओलांडून गेलं. चाळीस मुलींच्या माना त्याच्याबरोबर वळत गेल्या.

मग एकीनं विचारलं, "सर, ह्याला सातच का हो?"

"पाठ बघितलीस का? पुढं उंच, मागं उतार. रेघच मोडली तिथं."

"मग शून्य का नाही दिलं?"

"शून्य द्यायची पद्धत नाही आपल्यात."

मुली हसल्या. वैशालीही हसली, पण तिचं हसू लवकर संपलं.

"पप्पा, त्याला चालताना त्रास होत होता का?"

"नाही."

"मग चालीचे तरी द्यायचे की."

सरांनी दुर्बिणीची काच कोटाच्या टोकानं पुसायला घेतली. ती काच पुसून संपेचना. वैशालीनं ओढणी खांद्यावर सारखी केली आणि मुलींना घेऊन बसकडं निघाली. मला त्या वेळी सरांना गदागदा हलवावंसं वाटलं. नजर म्हणून तालुक्यातालुक्यांतून बोलावणं येणाऱ्या माणसाला घरातलं दिसत नव्हतं की काय, हेच मला कळत नव्हतं.

दिसत होतं. ते मला पुढच्या वर्षी कळलं, वैशालीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा. निवृत्तीच्या आत तिचं लग्न व्हावं एवढी एकच गोष्ट सरांना हवी होती. बायोडाटा त्यांनी स्वतः लिहिला, सुरेख अक्षरात, आणि मग त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली वैशालीचा फोटो, खुर्चीत बसलेला, समोरून. पाच मंडळी येऊन गेली आणि पाचही ‘कळवतो’ म्हणून गेली. मुलगी आत जायला वळली की पाहुणे एकमेकांकडं बघायचे, आणि नकार नेमका तिथं ठरायचा. सरांना तो क्षण पाठ होता. इतकी वर्षं तो त्यांनीच घरोघर शिकवला होता.

स्वतः मुली बघायला जाणं त्यांनी त्या वर्षी बंद केलं. गुडघ्यांचं कारण सांगायचे. घरात मात्र त्यांनी एक बदल केला. सोफा उचलून स्वयंपाकघराच्या दाराकडं पाठ करून ठेवला. पाहुणे सोफ्यावर बसले की मुलगी कुठून आली आणि कुठं गेली हे त्यांना मान मोडल्याशिवाय दिसत नसे. टीव्ही मात्र आता सोफ्याच्या पाठीकडं तोंड करून उभा राहिला होता, कारण त्याला हलवायला जागा नव्हती.

सहाव्या वेळी त्यांनी मला बोलावलं. "बाईमाणूस हवं घरात," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "आणि तुम्हाला अनुभव आहे."

त्या मंडळींकडूनही पुढं काही कळलं नाही, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. मला सांगायचंय ते त्या दिवशी सरांच्या घरात झालं तेवढंच.

रविवारची सकाळ, अकराचा सुमार. मुलगा साखर कारखान्यात क्लार्क, गरीब चेहऱ्याचा. त्याची आई, आणि बरोबर अक्कलकोटकडचे एक काका. काका बैलबाजारातले नावाजलेले. दात न बघता बैलाचं वय सांगतात, असं मुलाच्या आईनं जिना चढता चढताच कौतुकानं सांगितलं. सरांचा चेहरा तिथंच उतरला. आपल्यासारखाच माणूस समोरून आलाय हे त्यांना दारातच कळलं होतं.

"बसा, सोफ्यावर बसा," सर म्हणाले.

"सोफा सोसत न्हाय मला, कंबर धरती," काका म्हणाले, आणि भिंतीशी असलेली लाकडी खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून बसले.

वैशाली पोहे घेऊन आली. तिनं सगळ्यांना दिले, माझ्याजवळ बसली, विचारलं तेवढं नीट सांगितलं. लॅबमध्ये काय काम असतं असं मुलानं विचारलं, तेव्हा तिनं एका घाबरट पैलवानाची गोष्ट सांगितली आणि मुलगा खरोखर हसला. मला वाटलं, जमतंय. काकांनी पोहे संपवले, बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या. त्यांच्यापुढं स्टुलावर पाण्याचा तांब्या काठोकाठ भरलेला होता.

"पोरी," ते मायेनं म्हणाले, "जरा पानी आन की गं."

त्या वाक्याचा अर्थ कळणारी माणसं तिथं चार होती. काका, सर, वैशाली, आणि मी एकसष्टवाली. वैशालीचा हात ओढणीकडं गेला. ती उठायला लागली.

"वैशू, तू बस," सर म्हणाले. "मी आणतो."

ते उभे राहिले आणि त्यांनी कोट काढला. चार वर्षांत मी त्यांना कोटाशिवाय पाहिलं नव्हतं. त्यांनी तो घडी करून सोफ्यावर ठेवला, दुर्बीण त्यावर ठेवली, आणि आमच्याकडं पाठ करून स्वयंपाकघराकडं निघाले.

घामानं सदरा अंगाला चिकटला होता. डावा खांदा वर. त्याच्याखाली पाठ उजवीकडं वळलेली. वैशालीची पाठ, तंतोतंत, फक्त तीस वर्षांनी मोठी. प्रार्थनेची शेवटची रांग, कॅलेंडरखालची खुर्ची, ‘तुम्ही व्हा पुढं’, उतारावरचे ते सगळे घोडे, मला एकदम सगळं आठवलं आणि इतक्या वर्षांचा माझा राग कुठं ठेवावा हे कळेना.

स्वयंपाकघर सात-आठ पावलांवर होतं, पण सरांनी तिथं जायला पुष्कळ वेळ घेतला. मुद्दाम घेतला. माठातून ग्लास भरला, तसेच सावकाश परत आले आणि भरलेल्या तांब्याशेजारी तो ग्लास ठेवला.

"नीट बघितलं का?" त्यांनी विचारलं. आवाज वर्गातल्यासारखा, शांत. "नसेल तर आणखी एक फेरी मारतो. पाठ माझी आहे. तिच्याकडं माझ्याकडून गेलीय. मार्क कापायचे असतील तर माझे कापा, तिला उठवू नका."

मुलगा खाली फरशीकडं बघत होता. त्याची आई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. काकांनी ग्लास उचलला, एका दमात संपवला आणि सरांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"चाल चांगली हाय की तुमची," ते म्हणाले.

त्यात टिंगल नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. जन्मभर बैल बघितलेला माणूस. मनापासून काही चांगलं बोलायचं झालं तर त्याच्याकडं तेवढंच होतं.

"बरं मग, कळवतो आम्ही," मुलाची आई उठत म्हणाली.

पाहुण्यांना खाली रिक्षापर्यंत पोचवायचं होतं. सरांचं घर दुसऱ्या मजल्यावर. दारात सगळे थांबले, कारण सर आता ‘तुम्ही व्हा पुढं’ म्हणणार असं मलाही वाटलं. ते काही म्हणाले नाहीत. कोट सोफ्यावर तसाच ठेवून ते सगळ्यांच्या आधी बाहेर पडले आणि जिना उतरायला लागले. मागं काका, त्यांच्या मागं मुलगा आणि त्याची आई.

वैशाली आणि मी वरून कठड्याला टेकून बघत होतो. सर एकेक पायरी उतरत होते आणि प्रत्येक पायरीला तो डावा खांदा वर येत होता. वैशालीचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती.

"मॅडम," ती म्हणाली, "तरसाला सात लई कमी दिलेत की हो पप्पांनी."

"फेरतपासणीचा अर्ज टाकू," मी म्हटलं. "माझाही घाल त्यात."

मग आम्हा दोघींना हसू आवरेना. "काय झालं गं एवढं हसायला?" सरांनी खालून विचारलं, पण ते वळले नाहीत. तसेच पुढं उतरत राहिले.